ऐच्छिक फॉर्म

कडेगावच्या पोस्टात भामाबाई रांगेत ताटकळली होती. तिच्या पुढं रिटायर सुभेदार कृष्णात आणि कॉम्प्युटर क्लास चालवणारी त्यांची पुतणी प्रियंका. भामाबाईनं कान टवकारले.

"आबा, विंडोजच्या कंपनीनं कॉम्प्युटरच्या मासिकात फॉर्म दिलाय. आपल्याकडं विंडोज कुठली, जुनी का पंच्याण्णवची?"

"त्यास्नी कशाला पायजेत चौकशा?"

"कोण काय वापरतंय ते बघत्यात. ऐच्छिक हाय."

"पलटणीत ऐच्छिक म्हणलं की पयलं नाव माझंच लागायचं. भर गुमान!"

"पंच्याण्णव लिवली. खाली विंडोजच्या खोक्यावरचा नंबर मागितलाय."

"खोकं कुठलं गं? रिपेरीवाल्या धोंडिरामाच्या फ्लॉप्यांवरनं आख्ख्या तालुक्यानं फुकटात उतरवून घेतलीया."

"मग काय लिवू?"

"फाड त्यो फॉर्म."

"आवं, आत्ता तर भर म्हणलासा!"

"ते पलटणीतलं झालं. आता मी रिटायर हाय."