साहेबांचा झेल

वडीलधाऱ्यांचे सल्ले ऐकायचे म्हणता, तर हा ऐका. आखातातल्या मीना अब्दुल्ला बंदरात तेल कंपनीचे अमेरिकन साहेब दर शुक्रवारी त्यांचा तो चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल खेळत. सर्वांत मागे उभा राहणारा पंच, म्हणजे बॅक जज, आमचे हमीदचाचा. एकदा त्यांचा पाय मुरगळला आणि नियम वाचलेली मीच, म्हणून मला उभं केलं.

चाचा म्हणाले, "पोरी, आधी कोणी झेलला ते बघ. मग झेलला की नाही ते ठरव. तुझ्या अब्बांची नोकरी मोठ्या साहेबांच्या हातात आहे."

"मी चेंडूच बघणार, चाचा."

पहिलाच लांबचा चेंडू मोठ्या साहेबांच्या हातून निसटला. मी दोन्ही हात हलवून झेल नाकारला. अब्बांनी डोळेच मिटले.

पण नोकरी वाचली, कारण साहेबांचा सगळा राग चाचांवर गेला. "हमीद, इतकी वर्षं तू मला खोटे झेल देत होतास?"

"नाही साहेब, तेव्हा तुम्ही खरंच झेलायचात. आता वय झालं."