शेवटची दाढ न फुटलेलं घराणं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नगराध्यक्षा सेन्योरा फ्रान्सिना. व्यासपीठावर अगदी मधोमध बसलेले म्युझियमचे संचालक डॉक्टर बाल्तासार ओमार. त्यांच्या दोन्ही बाजूंचे सन्माननीय विश्वस्त. जिला आपण निरोप देतोय ती माझी मैत्रीण अपोलोनिया. आणि एन्साइमादाच्या, आपल्या गोड पावांच्या, ताटांवर नजर ठेवून बसलेल्या रसिकांनो,

गुहा धुंडाळणाऱ्या आमच्या मंडळातर्फे मला दोन शब्द बोलायचे आहेत. "दोनच हं, मिकेला," असं संचालकांनी जिन्यात बजावलंही. थोडे जास्त होतील.

संचालक आत्ता म्हणाले, अपोलोनिया 'कष्टाळू' होती. खेचरालाही आपण तेच म्हणतो, नाही का? बाई प्राण्यांच्या दातांच्या अभ्यासात डॉक्टर आहे, हे सांगायचं राहिलं असावं.

आपल्या मायोर्का बेटावरच्या गुहांत एका नामशेष डॉरमाऊसची हाडं सापडतात. बागेतल्या भिंतींवरून पळणारा, डोळ्यांना काळी पट्टी असलेला तो झोपाळू प्राणी आहे ना, त्याचाच हा थोराड चुलतभाऊ, हिप्नोमिस. पण चुलतभावावर समाधान मानतील ते आमचे संचालक कसले? एका इवल्या जबड्यावरून त्यांनी नवी प्रजाती, म्हणजे अख्खं नवं घराणंच जाहीर केलं. नाव काय, तर रेजिओमिस. राजमूषक! कारण हिप्नोमिसला खाली एका बाजूला चार दाढा, आणि याला तीनच.

याच दालनात ते परदेशी पाहुण्यांना जबडा दाखवत होते. अपोलोनियाने भिंगातून पाहिलं.

"साहेब, चौथी दाढ कुठेय?"

"अहो बाई, ती नाहीच! तेच तर वैशिष्ट्य."

"आहे की, हाडाच्या आत. अजून फुटायचीय. साहेब, हे पिल्लू आहे."

पाहुणे हसले. व्यासपीठावरचे दोन्ही विश्वस्तही हसले, मी समोरच होते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून संग्रहाची किल्ली काढून घेतली, तिला तिकीटखिडकीवर बसवलं, तेव्हा मात्र दोघांचाही घसा बसला होता.

पुढे बाहेरच्या अभ्यासकांनी राजमूषक मोडीत काढून हिप्नोमिसमध्ये जमा केला. किल्ली काही परत आली नाही. मी चिडून म्हटलं, "अगं, भांड तरी!"

"कोणाशी भांडू?" ती म्हणाली. "ज्यांना दाढ दिसत नाही, त्यांना मी काय दिसणार?"

आता शेजारच्या मेनोर्का बेटावरच्या म्युझियमने तिला मानाने बोलावलंय. आम्हाला नव्या गुहेत हिप्नोमिसचा अख्खा सांगाडा मिळालाय, हे आपण ऐकलं असेलच. त्याच्यासाठी संचालकांनी तळमजल्यावर काचेचं कपाटही करून घेतलंय. कपाट सुरेख झालंय, साहेब. त्यात आजचे हारतुरे ठेवा. सांगाडा अभ्यासासाठी अपोलोनियाकडे द्यायच्या परवानगीवर काल सरकारची सही झाली.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी. बरोबर असूनही लागलं असेल, तर त्याला माझा इलाज नाही. चल गं अपोलोनिया, बोट सुटेल. सांगाड्याची पेटी माझ्या गाडीत आहे, दगडासकट; एकटीला उचलवायची नाही.