कोरडी जागा

बाई: रजिस्टर आणलंत, ते नंतर बघते. वायू मोजायचे बिल्ले कामगारांकडून परत आल्यावर, इथे आमच्या प्रयोगशाळेत पाठवेपर्यंत ठेवता कुठे, ते सांगा.

स्टोअरकीपर: स्टोअरमध्येच, कुलपात. मागच्या भिंतीला फळी आहे, त्यावर. सगळ्यात कोरडी जागा. बाकी खाणीचं स्टोअर म्हणजे नुसती ओल. कागदसुद्धा मऊ पडतात.

बाई: मग तीच भिंत कोरडी कशी?

स्टोअरकीपर: पलीकडे बॉयलर आहे ना. कामगारांच्या आंघोळीचं पाणी तापतं तिथे.

बाई: भिंतीला हात लावला तर?

स्टोअरकीपर: पोळत नाही. पण फार वेळ ठेववतही नाही.

बाई: आणि खोकी तिथे तीन-तीन महिने.

स्टोअरकीपर: कधी चार. गाडी येईपर्यंत. का, काय झालं?

बाई: बिल्ल्यात प्लास्टिकची चकती असते, माहीत आहे तुम्हाला. खाणीतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचे कण तिच्यावर आदळले की बारीकशी इजा होते. डोळ्यांना दिसत नाही. आम्ही चकती गरम कॉस्टिक सोड्यात ठेवतो, मग इजेच्या जागी खड्डे पडतात. ते मोजायचे. जितके जास्त खड्डे, तितका वायू जास्त.

स्टोअरकीपर: आमचे नेहमी कमीच येतात.

बाई: चकती उष्णतेत राहिली तर ती इजा बुजत जाते. मग सोड्यात घालूनही खड्डे नीट पडत नाहीत. मला शंका आली, म्हणून या खेपेला दोन चकत्यांवर इथेच मोजून मारा केला आणि तुमच्या खोक्यात पाठवल्या. त्या परत आल्यावर प्रत्येकीवर नऊशे खड्डे यायला हवे होते. साडेतीनशे आले.

स्टोअरकीपर: म्हणजे आमचे कमी आकडे...

बाई: धरता येणार नाहीत. खरे किती होते, तेही आता कळायचं नाही.

स्टोअरकीपर: जुन्या चकत्या परत तपासून?

बाई: बुजलेलं परत येत नाही.

स्टोअरकीपर: सहा वर्षं झाली त्या फळीला. मीच ठोकलीय. तुमच्या पत्रकात लिहिलं होतं, ओलाव्यापासून जपा.

बाई: हो. उष्णतेचं लिहायचं आमच्याकडून राहिलं.

स्टोअरकीपर: सतरा नंबरचा बिल्ला माझ्या धाकट्या भावाचा. दोन वर्षांपूर्वी म्हणत होता, दादा, खाली उतरणं सोडतो, दम लागतो. मी त्याला तुमचा कागद दाखवला. म्हटलं, बघ, सगळ्यांत कमी आकडा तुझा, उगाच मनात काही घेऊ नकोस. आता इस्पितळात आहे. फुप्फुसात गाठ आहे.

बाई: बसा जरा. पाणी देते.

स्टोअरकीपर: नको. तुम्ही लिहून घ्याल ना, बिल्ले कुठे होते ते?

बाई: घ्यावं तर लागेल. पण तुमच्यावर शेकेल.

स्टोअरकीपर: अजून ब्याऐंशी माणसं उतरतात खाली. लिहा. सही कुठे करू?

(दोन दिवसांनी. इस्पितळात, धाकट्या भावाच्या खाटेपाशी.)

धाकटा: म्हणजे त्या कागदात काही अर्थ नव्हता.

स्टोअरकीपर: नव्हता.

धाकटा: तेव्हाच सोडलं असतं तर?

स्टोअरकीपर: डॉक्टरांना विचारलं मी. नक्की सांगता येत नाही म्हणाले.

धाकटा: तेही कळायचं नाही.

स्टोअरकीपर: कोरडी जागा म्हणून ठेवले रे.

धाकटा: माहीत आहे. तुझं सगळं जागच्या जागी असतं. आज कोण उतरलं?

स्टोअरकीपर: कोणी नाही. काम बंद आहे, खालची हवा तपासतायत. मलाही घरी बसायला सांगितलंय.

धाकटा: बरं झालं. म्हणजे, कोणी उतरलं नाही ते.

स्टोअरकीपर: काहीतरी बोल ना. शिव्या घाल हवं तर.

धाकटा: काही येतच नाहीये, दादा. गाठ आहे म्हणाले, तेव्हाही नाही आलं. मी खिडकीच्या काचा मोजत बसलो होतो.

स्टोअरकीपर: उशी वर करू का?

धाकटा: असू दे. हिला सांगितलंस?

स्टोअरकीपर: नाही अजून. औषधं आणायला खाली गेलीय. आली की सांगतो.

धाकटा: तू नको. मी सांगतो. तू तेवढा वेळ बाहेर बस.