घडी न मोडलेलं लुगडं

मंडळी, ऐका — पण आधी एक गाऱ्हाणं! पुढं बसलेल्या हणमंतशेठनी आत्ताच निरोप धाडलाय, "आक्का, आजच्या कीर्तनाचे पेढे माझ्याकडून. माझं नाव आधी घ्या, मोठ्यानं!" घेतलं हो बाबा! मृदंगवाले, द्या एक थाप त्यांच्या नावानं. झालं समाधान? आता बसायचं. मधनं उठायचं नाही!

मी शिकलेली नाही. चौथीत पाटी फुटली ती फुटलीच. पण एक सवाल मलाही पडतो. माणूस तोंडानं खोटं बोलला नाही — फक्त सांगायचं ते वेळेवर सांगितलं नाही. हे पाप, का हुशारी? हसताय काय! उत्तर द्या. का आधी गोष्ट हवी? मग ऐका.

शिवेपलीकडली सगुणाबाई. एकुलती लेक वत्सला, दिली जोधपूरला. एका दुपारी जावयाचा फोन — ताप डोक्यात चढला, वत्सला गेली. सवाष्ण गेली!

बायांनो, तुम्हाला काय सांगायचं? सवाष्ण निघाली तर शेवटचं लुगडं माहेरचं! कोरं, घडी न मोडलेलं. जावई रडत म्हणाला, "आई, उद्या दुपारपर्यंत थांबतो. ऊन फार आहे, पुढं नाही ठेवता येणार."

सगुणाबाईनं हिरवं लुगडं काखेत मारलं, तिकिटाच्या दुकानात धावली.

"यात सगळं आलं ना रे?"

"तिकिटाचं सगळं धरून, मावशी! घरच्या गाडीत बसल्यासारखं जायचं."

सकाळी विमानतळ. खिडकीवरची पोरगी गोड बोलली हो, "आजी, घरून फोनवर चेक-इनची हजेरी लावली नाही? मग विमानात बसायचा पास इथं काढायचा आकार वेगळा."

"अगं, सगळं धरून दिलेत!"

"ते तिकिटाचे. पासाचे नाहीत."

सगुणाबाईनं पदराची गाठ सोडली. "घे बाई, किती ते घे."

"इथं रोख चालत नाही. पलीकडं भरा, पावती आणा."

पलीकडं ही रांग! "बाबांनो, मला पुढं सोडा, लेक वाट बघतीय!"

एक टायवाला म्हणाला, "सगळ्यांचीच कुणीतरी वाट बघतंय, आजी. रांगेत या."

खरंच होतं त्याचं! लेक *कशी* वाट बघत होती, ते त्याला काय ठाऊक?

पावती घेऊन पळत आली — खिडकी बंद. काचेतनं विमान दिसतंय, पण आत सोडत नाहीत. तिनं दुकानदाराला फोन लावला. तो काय म्हणतो? "मावशी, खाली लिहिलं होतं की! बारीक अक्षरात. कंपनीचा नियम."

नियम! अरे, पैसे घ्यायच्या आधी पुरतं सांगावं, हा नियम कुणासाठी? कंपनीनं सांगितलं — बारीक अक्षरात. दुकानदारानं वाचलं — मनातल्या मनात. आणि जिला जायचं, तिच्या कानी काहीच नाही! आधी कळलं असतं तर सगुणाबाई भांडली असती का? दुप्पट दिले असते!

शेजारणीच्या साडीत पोर निघाली, मंडळी. आई दुसऱ्या दिवशी पोचली. मांडीवर कोरं लुगडं, समोर गरम राख. राखेला लुगडं नेसवता येतं का हो?

डोळे काय पुसता? तुम्ही तरी कुठं धुतल्या तांदळाचे? पोराचं लग्न जमवताना पगार मोठ्यानं सांगता — आणि बाटली? ती बारीक अक्षरात! सुनेला कळते हळद उतरल्यावर.

हे बघा ते लुगडं. सगुणाबाईनं देवळात आणून टाकलं, घरात ठेववेना म्हणाली. घडी तशीच आहे.

आणि ते दुकान कुणाचं, ते मी अजून बोलले नाही. मागून सांगायचं मलाही जमतं! हणमंता, खाली काय बघतोस? वर बघ. तुझं नाव आधी घेतलं, काम आता सांगितलं.

तू खोटारडा नाहीस रे. खोटारड्याला निदान तोंड उघडावं लागतं. तू तोंड मिटून एका आईची वाट अडवलीस. उचल ते पेढे! आधी सगुणाबाईच्या दारात जा, आणि तेव्हा जे बारीक होतं ते आता मोठ्यानं वाचून ये.