तिसऱ्या दिवशी आलेला तांबडा

नाय रे, रामी नाय घरात — टँकर आला असं पोरांनी ओरडून सांगितलं नि ती दोन हंडे घेऊन पळाली, आता तो विहिरीत पाणी ओतणार, मंग बाया उतरणार, भांडणार, ती वर यायला उन्हं कलतील — तू बस. मोटरसायकल आधी सावलीत लाव, सीट तापतं. हां. इथं ओटीवर बस, वही पुस्तक तिकडं ठेव, पाणी थोडंच हाय पण देतो. अरे घे, घे — तुला काय परका मानायचा मुकेश, तुझा बा देवराम कमर धरून वाकत वाकत हा डोंगर चढला होता माझ्याकडं, तू तवा त्याच्या बोटाला होतास, नाकात शेंबूड. आता तू येशूचं सांगत फिरतो नि मी फागू भगत तो फागू भगतच. पण मी तुला कंदी हाकलला का? नाय ना? आठ महिने दर गुरुवारी येतो, आत रामीबरोबर बसतो, मी इथं बाहेर बसून दोरी वळतो. दोरी वळताना कान काय बंद नाय होत. सगळं ऐकतो मी.

आज पुस्तक नको उघडू. आज मला विचारायचं हाय — काय हाय, सकाळी गंगी आलती. वाळूची बायको, त्या पलीकडल्या झोपडीतली, वीटभट्टीवरनं परत येऊन आठवडा झाला त्यांना. तिची वर्षाली तापात पडलीय, आजचा तिसरा दिवस, खात नाय, डोळे वर करते. गंगी बोलली, फागूबाबा, बदला कर, पोरीच्या बदली कोंबडा दे. मी बोललो, मी सोडलंय ते. ती बोलली, सोडलंय तर परत धर, पोर जाईल माझी. नि कोंबडा कुठला आणणार ती, तिच्याकडं एक पीस नाय — तर तिनं अंगणात बोट केलं. हा तुझा तांबडा दे, बोलली. तो बघ, तो, हंड्याच्या सावलीला उभा हाय तो. त्याच्याकडं बोट दाखवलं. मी हो बोललो नाय, नको बोललो नाय. ती ऊन उतरलं की पोर घेऊन येते बोलली. आता येल.

तुला आमचं काम ठाऊक हाय, तरी सांगतो. सुपात दाणे टाकायचे, पोराला कोण धरून बसलाय ते बघायचं, मंग कोंबडा पोराच्या अंगावरनं फिरवायचा, बोलायचं — हा घे नि हिला सोड — नि मान कापायची. जिवापायी जीव. एवढंच. म्हणून तुमची गोष्ट रामीनं मला पयल्यांदा सांगितली ना, की एक जण लाकडावर मेला, सगळ्यांच्या बदली, तर मला त्यात काय नवल नाय वाटलं. शहरातल्या माणसाला वाटेल. मला नाय. मी बोललो, हां, म्हणजे बदला केला. हे तर मी तीस वर्षं करतो. पण ती बोलली, तो एकदाच, मंग पुन्हा कुणाला कापायला लागत नाय. ते मला रुतलं. एकदाच! किती मोठा जीव असेल तो, मी बोललो. तर ती हसली नि तू दिलेला तो क्रूस आणून कुडाला अडकवला. कुठल्या खुंटीला, पाहिलंस? माझ्या सुपाच्या खुंटीला. सूप खाली काढून उभं करून ठेवलंय तिनं, कणगीमागं. मला तेव्हा काय वाटतच नव्हतं. आता पण नाय वाटत. भाकरीला मीठ हाय का नाय ते पण मला कळत नाय, रामी विचारते नि मी हां बोलतो.

प्रगती गेली तवापासून. तू पाहिली नाय तिला. नऊ वर्षांची होती, चौथीत. भादव्यात ताप आला तिला, असाच, तीन दिवस. मी दाणे पाहिले — भगताच्याच घरात आजार, लोक काय बोलतील हे पण डोक्यात होतं माझ्या, खोटं कशाला बोलू — नि बदला ठरवला. कोंबडा होता घरात, हाच तांबडा. दुपारची वेळ, सगळा पाडा ओटीवर, तिला इथंच, तू बसलास ना तिथंच गोधडीवर निजवली होती. कोंबडा फिरवला. बोललो सगळं. कोयता हातात घेतला नि कोंबडा सुटला. हातातनं सुटला, पंख मारत करवंदीच्या जाळीत गेला, पोरं मागं पळाली, नाय सापडला. असं होतं कधी कधी. बोटं ओली होती. लोक बोलले, दुसरा आणा, पण एकदा बोलून झालं ना, नाव घेऊन झालं, की दुसरा चालत नाय. प्रगती दुसऱ्या दिवशी गेली. सकाळी, भाकरीच्या वेळंला. नि तिसऱ्या दिवशी — तिला माती देऊन आलो, मी इथं बसलो होतो — तो जाळीतनं निघाला नि चालत अंगणात आला. तुरा फाटला होता थोडा. आला नि दाणे टिपाय लागला.

आता हे मला विचारायचं होतं. तुमचा तो पण तिसऱ्या दिवशी परत आला ना? जिवंत? रामी असंच सांगते, तू पण असंच सांगतो, गाणी बोलता त्याच्यावर. तर मला सांग, जो परत आला तो बदला लागला कसा? माझा परत आला, म्हणजे घेतला नाय, म्हणजे पोर गेली. साधा हिशोब हाय. मंग तुमचा परत आला तर तुम्ही आनंद कशाचा करता? थांब, थांब, तू काय बोलणार ते ठाऊक हाय मला, रामीला सांगताना ऐकलंय मी — तो आधी मेला. खरोखर मेला, लाकडावर, रगत गेलं, कुशीत भाला घातला, गुहेत पुरला. देणं तिथंच पुरं झालं, लाकडावर. म्हणून तुम्ही कुडाला लाकूड लावता, ती मोकळी गुहा नाय लावत. नि परत आला ती खूण, की देवानं घेतलं म्हणून. बरोबर ना? मी पुष्कळ विचार केलाय ह्याच्यावर, दोरी वळताना दुसरं काय काम. माझा तांबडा मेलाच नाय. तो नुसता जाळीत बसला होता. मरून परत येणं नि न मरता परत येणं, दोन वेगळ्या गोष्टी. हे तुझ्याआधी मला कळलं होतं, भगत हाय मी.

नि दुसरं एक. कोंबड्याला कोण विचारतो? तो ओरडतो, पाय झाडतो, आपण धरतो घट्ट. तुमचा तो आपणहून गेला बोलता. पळायला जागा होती नि पळाला नाय. तिथं माझं डोकं अडतं. तीस वर्षांत एक कोंबडा आपणहून नाय आला माझ्याकडं. नि वरनं बाप बघत होता बोलता. त्याचा सख्खा पोरगा, तो हाक मारत होता लाकडावरनं, नि बापानं हात मागं नाय घेतला. हे रामी वाचत होती नि मी दोरी खाली ठेवली. मी बोललो, काय बाप हाय हा. कसं जमलं त्याला? कारण मला — कारण हात कसा —

नाय. पाणी पी तू.

बोटं ओली नव्हती. जाऊ दे, आता अर्धं सांगितलंच हाय. भादव्यात पाऊस होता, पण ओटीवर कुठं. सुका हात होता माझा. तीस वर्षं कोंबडे धरलेत ह्या हातानं, हातातनं सुटत नाय काय. हा तांबडा प्रगतीचा होता. पिलू होता तवा घारीनं उचलून टाकलेला, तिनं चुलीपाशी टोपलीखाली ठेवून जगवला, शाळंतनं आली की आधी तो. मी त्याला तिच्यावरनं फिरवला ना, तवा तिनं डोळे उघडले. ताप इतका, पण ओळखला तिनं. बोलली, बाबा, त्याला नको. मोठ्यानं नाय, मलाच ऐकू येल एवढं. मी कोयता उचलला. ती परत बोलली, बाबा, नको ना. नि मी बोटं उघडली. सुटला नाय रे तो. मी सोडला. मंग मीच ओरडलो, सुटला, पकडा! लोकांनी खरं मानलं. भगताचं कोण खोटं मानतो.

तर तो बाप धरून राहिला नि मी सोडला. तो क्रूस बघतो मी रोज, सूप नाय तिथं, तर नजर तिथंच जाते. नि मला रडू येत नाय, राग येत नाय. मी नुसता बघतो. तू सांगतो की आता कुणी कुणाला कापायचं नाय, तो पुरला सगळ्यांना. बरं. मंग प्रगती कुणाच्या बदली गेली? ह्या कोंबड्याच्या? दाणे टिपतोय तो. मी त्याला कापत नाय, विकत नाय, हाकलत नाय. रामी पण नाय बोलत काय. रामी तर — अरे, ती प्रार्थनेत माझं नाव घेते, ऐकलंय ना तू, तूच तर शेजारी असतो. देवा, ह्याला माफ कर, बोलते. ते सगळ्याच बाया बोलत असतील नवऱ्यासाठी. पण मागल्या गुरुवारी काय बोलली? ह्याच्या हाताला माफ कर. हाताला बोलली ना? तू होतास. हाताला का बोलली ती? मी बदला करत होतो तवा ती आतल्या दारात उभी होती, तांब्या घेऊन. दारातनं माझा हात —

दिसतो. तिथनं दिसतो हात.

आठ महिने. ह्याचा एक शब्द बोलली नाय मला. ताटात वाढते, मीठ विचारते.

नाय, खांद्यावर हात नको ठेवू. मला काय झालं नाय. नि दिलासा देऊ नको की कोंबडा कापला असता तर ती जगली असती असं काय नाय म्हणून — ते मला पण ठाऊक हाय. त्याहून वाईट ठाऊक हाय. त्या दुपारी रमेशची जीप खाली रस्त्यावर उभी होती, मोखाड्याला निघाली होती, एक जागा होती. रमेश वर चढून आला, बोलला, फागूबाबा, पोरीला टाक आत, दवाखान्यात नेतो. मी बोललो, आधी बदला होऊ दे, उद्या नेऊ. सगळा पाडा बघत होता, भगतच आपली पोर डॉक्टरकडं नेतो असं दिसलं असतं. उद्या, बोललो मी. हे रामीला ठाऊकच हाय, तिच्यासमोर बोललो. तिनं त्या बोलण्याला माफी नाय मागितली बघ. हाताला मागितली, तोंडाला नाय. का तुमच्या लाकडाला पण पुरणार नाय एवढं मोठं होतं ते?

ती बघ गंगी आली. पोर खांद्यावर टाकलीय. मान कशी लोळते बघ.

ऊठ. ऊठ, गाडी काढ सावलीतनं. गंगे, इकडं नको येऊ, ओटीवर नको निजवू तिला. नाय, माझ्या हातात नको देऊ, ह्याच्या मागं बस. हा मुकेश, देवरामचा पोरगा, चांगला हाय, जव्हारच्या मोठ्या दवाखान्यात नेतो तुला. कोंबडा राहू दे, त्याचं काय नाव काढू नको. वाळू कामावरनं आला की मी सांगेन त्याला. पोरीला मधी धर, लुगड्यानं बांध. वाटंत सीट तापेल जरा, सोस. मुकेश, हे तुझं पुस्तक, हे घे. प्रार्थना वाटंत कर, गाडी थांबवून नको करू. आजच ने, उद्या नाय, कळलं ना?

रामीसाठी थांबू नको. ती येल हंडे घेऊन, तिला मी सांगतो तू का गेलास ते. बाकीचं पण मीच सांगतो. जा.