पिवळ्या लेबलची रेकॉर्ड

मला दर्दी म्हणत जाऊ नका रे, लाज वाटते. एकाच लोकगीताच्या तीन रेकॉर्डी निघाल्या होत्या, लाल, निळ्या आणि पिवळ्या लेबलच्या. गाणं तेच, आवाजही तोच. लाल आणि निळी माझ्याकडे होत्या. पिवळीसाठी मी आठ वर्षं जुने बाजार पालथे घातले. शेवटी कळलं, ती खुद्द गाणाऱ्या कौसल्यामावशींकडेच आहे, पाथर्डीजवळच्या एका खेड्यात. केडगावहून गाडी काढली आणि थेट त्यांच्या घरी गेलो.

मावशींनी चहा टाकला. मी ऐटीत माझ्या दोन्ही रेकॉर्डी पुढं ठेवल्या.

"यांच्यावर माझं नाव वाचून दाव बरं," त्या म्हणाल्या.

दोन्हींवर फक्त त्या ज्या तमाशा पार्टीत गायच्या, तिच्या मालकाचं नाव होतं.

"पयल्या छपाईला माझं हुतं. मग त्यानं काढाया लावलं."

म्हणजे पिवळी! मी हावरटासारखा म्हणालो, "मावशी, तीच तर दुर्मिळ आहे. म्हणाल ते देतो, पण मला द्या."

त्यांनी पेटीतून रेकॉर्ड काढली, पदरानं पुसली, लांबूनच मला लेबल दाखवलं आणि परत पेटीत ठेवली.

"दोन्हीवरचं नाव त्यानं नेलं. ऱ्हायलेलं तू न्यायला आलास व्हय?"