पहिल्या रांगेचा मान

हल्ली मी खुर्चीवर बसून योगासनं करतो आणि अगदी मजेत आहे. पण हसू नका, त्या खुर्चीपर्यंत पोहोचायला मला अख्ख्या हॉलसमोर शोभा करून घ्यावी लागली.

कोथरूडला आमच्या सोसायटीत योगवर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या बाईंनी आधी फॉर्म भरून घेतले. 'काही आजार?' या रकान्यात बायकोने निमूटपणे गुडघे लिहिले. माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे देशपांडे. त्यांनी ठसठशीत 'नाही' लिहिलं. मग मी काय रक्तदाब लिहिणार? मीही 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बायकोला मागे खुर्ची मिळाली आणि आम्हा दोघांना थेट पहिली रांग. बाईंनी आडवं होऊन एकच पाय उचलायला सांगितला. देशपांड्यांनी दोन्ही उचलले. मग मीही उचलले, कमरेसकट. तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, "अहो, बीपीची गोळी टेबलावरच राहिली की तुमची!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, पाय खाली. सावकाश. उद्यापासून खुर्ची घ्या."

"म्हणजे पहिली रांग गेली?"

"ती निरोगी लोकांची नाहीच, काका. साठीनंतर 'काही आजार नाही' असं लिहिणाऱ्यांना मी डोळ्यांसमोर ठेवते."

शेजारच्या चटईवर देशपांड्यांचे पाय हळूच खाली आले. आता त्यांची खुर्ची माझ्या डावीकडे असते.